आमच्या दारापर्यंतचं गटार

आमच्या घरात आता उतरून यावं लागतं. कुणी दारात आलं की मी आतूनच सांगते, "सांभाळून, दोन पायऱ्या खाली आहेत," आणि तरी एखादा धडपडतोच. हेच घर बांधलं तेव्हा ओट्यावर यायला तीन पायऱ्या चढाव्या लागायच्या आणि माय रोज सकाळी त्या धुऊन सगळ्यात वरच्या पायरीवर रांगोळी काढायची. त्या पायऱ्या कुठे गेल्या असं कुणी विचारलं तर मी बाहेरच्या रस्त्याकडे बोट दाखवते. तिथेच आहेत, काँक्रीटच्या खाली. गल्ली सुधारत गेली आणि जसजशी ती सुधारली तसतसे आम्ही खाली गेलो. धुळ्याला शाळेत नोकरी झाली, नवरा गेला, आणि उरलेलं आयुष्य काढायला मी जळगावात या घरी परत आले. धाकटा भाऊ पुण्याहून फोनवर म्हणतो, ताई, विकून टाक. घ्यायला कोण बसलंय? गिऱ्हाईक येतं, रस्त्यावरूनच त्याला आमच्या बैठकीतला पंखा नजरेसमोर दिसतो, आणि ते गाडीवरून न उतरताच परत फिरतं.

नाना म्हणजे माझे वडील. आमचं गाव चोपड्याकडचं. गावी केळी-कपाशीची शेती होती, ती थोरल्या काकांनी बघायची, आणि नानांनी जळगावात डाळमिलमध्ये नोकरी करून पोरांना शिकवायचं, असं दोघा भावांत ठरलं होतं. तेव्हा रेल्वेलाइनच्या पलीकडे कुणाचं तरी कपाशीचं शेत मोडून प्लॉट पाडले होते, त्यातला सगळ्यात शेवटचा नानांनी घेतला. शेवटचा म्हणून स्वस्त, आणि पुढे तारेचं कुंपण घातलेली कुणाची तरी पडीक जागा, तिच्यापलीकडे नाला, म्हणून मोकळी हवा. नाना या मोकळ्या हवेचं कौतुक येईल त्याला सांगत. ती हवा पुढे आम्हाला फार महाग पडली.

पहिली काही वर्षं गल्लीला रस्ता असा नव्हताच. शेताची काळी माती होती तशीच. पावसाळ्यात त्या मातीत पाय टाकला की चप्पल आत राहायची आणि पाय वर यायचा. सायकलच्या मडगार्डात चिखल गच्च बसला की चाक फिरेना, मग नाना सायकल खांद्यावर घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत जायचे आणि तिथे काडीने चिखल काढत बसायचे. मी दप्तर डोक्यावर आणि चपला हातात घेऊन त्यांच्या मागे. उन्हाळ्यात मात्र तीच गल्ली गुणी लेकरासारखी वागायची. सगळ्या बायका मिळून ज्वारीचे बिबडे, आमच्याकडचे पापड, करायच्या. पहाटेच मोठ्या पातेल्यात पिठाचा चीक शिजवणं चालू व्हायचं, आंबूस वाफ गल्लीभर पसरायची, आणि ऊन चढायच्या आत गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत धोतरं-लुगडी अंथरून त्यांवर बिबडे थापलेले असायचे. पोरांना गरम चीक वाटीत मिळायचा, वर तेल आणि तिखट. थंडीत गावाकडून भरताची वांगी आणि भाजायला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भारा यायचा. आमच्या दारापुढे नाना जाळ करत आणि गल्ली ताटं घेऊन यायची. डाळमिलचा भोंगा, टँकर आला की बादल्यांचा खणखणाट, शेजारच्या शकूमावशीच्या घरातलं सतत चालणारं शिवणयंत्र, आणि मायचा आवाज. माय हळू बोलायची नाही. गावी मळ्यातून मळ्यात हाका मारायची सवय, ती इथल्या विटांच्या भिंतींना काही केल्या समजली नाही.

मग गटार आलं. खरं तर गल्लीतल्या सगळ्यांनी नगरपालिकेत इतके हेलपाटे घातले होते की ते यायचंच होतं. एक साहेब पट्टी-दोरी घेऊन आले आणि म्हणाले, उतार शेवटच्या घराकडे आहे, पण तिथून नाल्यापर्यंत जायला खाजगी जागा आडवी येते, तिचा मालक परवानगी देत नाही. दुसरा मार्ग म्हणजे वरच्या टोकाला, अप्पांच्या घराजवळ जी मोकळी जागा सोडली आहे तिकडे खोल खोदून पाणी न्यायचं. अप्पा म्हणजे गल्लीच्या तोंडाशी राहणारे निवृत्त कारकून, शुद्ध बोलणारे, सगळ्यांचे अर्ज लिहून देणारे. ते म्हणाले, तिथे आपल्याला मंदिर बांधायचंय, मुलं खेळतात, तिथे घाण कशी सोडायची? सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कुणाच्या दारी सोडायची यावर असा काही कालवा झाला की साहेबांनी पट्टी गुंडाळली आणि म्हणाले, तुमचं ठरत नसेल तर काम दुसऱ्या गल्लीला देतो.

तेव्हा नाना पुढे झाले. "येऊ द्या मन्हा दारशी," ते म्हणाले. "वरलानं पानी खालला नही म्हनस, तर ते पानी जाई कोठे?"

हा शेतकऱ्याचा कायदा. वरच्या शेतातलं पाणी खालच्याने अडवायचं नाही, बांध फोडून आत घ्यायचं. घेतलं तर त्याच्याबरोबर वरचा गाळही येतो आणि खालचं शेत सकस होतं. गावी आमचं शेत खालच्या अंगाला होतं आणि नानांचे वडील म्हणे वरच्या शेतवाल्याला दिवाळीत केळीची फणी पाठवायचे. नाना तोच कायदा पदरात बांधून शहरात आले होते. गटारातून गाळ येत नाही, दुसरंच काही येतं, हे त्यांना कुणी सांगायचं? मायने सांगितलं. ती ओट्यावरूनच म्हणाली, "आपलं घर शे का विहीर शे?" पण तोवर अप्पांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला होता, शकूमावशीने साखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली होती, आणि साहेब म्हणाले होते की आमच्या दारापुढे तात्पुरता एक खड्डा करू, दिवाळीनंतर मालकाशी बोलून पुढे नाल्याला जोडून देऊ. दिवाळी कोणती ते साहेब म्हणाले नाहीत. काळ्या मातीत खड्डा केला तर पाणी मुरत नाही, तुंबतं, हे नानांइतकं गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तात्पुरता या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला. शहरातले शब्द त्यांना गावच्या माणसांच्या वचनासारखे वाटायचे.

पुढे आणखी सुधारणा झाल्या. खडी पडली, तिच्यावर डांबर पडलं, डांबर उखडलं तेव्हा ते न काढता त्यावर पुन्हा खडी, पुन्हा डांबर, आणि अलीकडे काँक्रीट. प्रत्येक वेळी नारळ फुटायचा आणि प्रत्येक वेळी आमची एक पायरी बुजायची. बाकीच्यांनी आपापल्या दारापुढे मुरूम टाकून जोती वर घेतली, त्यामुळे त्यांचंही पाणी आमच्याकडे वळलं. आमच्याकडे मुरूम टाकायला जागाच नव्हती, दारापुढे खड्डा होता. माय दर पावसाळ्याआधी दाराच्या उंबऱ्यावर विटांचा एक थर बसवायची. स्वतः सिमेंट कालवायची. घरात शिरताना आम्ही आधी वर चढायचो आणि मग आत उतरायचो, आणि मैत्रिणी आल्या की मला लाज वाटायची. नाना संध्याकाळी मिलमधून परत आले की खड्ड्याच्या कडेला उभे राहून पलीकडच्या नाल्याकडे बघत. नाला दिसत होता. हाकेच्या अंतरावर होता.

मी दहावीत होते त्या वर्षी गावी थोरले काका वारले आणि आमच्या कानबाईचा प्रश्न आला. खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. कानबाई श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. भाऊबंदांची मिळून एक. पिढीजात नारळाला डोळे, नथ, दागिने घालून तिला चौरंगावर मांडतात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढून त्याचे रोट करतात, आणि सोमवारी वाजतगाजत तिला पाण्यावर नेतात. एकदा मांडली की सोमवारपर्यंत तिला हलवायचं नाही. ज्या घरी ती बसते त्या घराला मान, आणि त्या घरच्या सुनेला तर विचारायलाच नको. आमच्याकडे हा मान थोरल्या काकूचा होता. माय लग्न होऊन आल्यापासून दर श्रावणात गावी जायची, गहू निवडायची, गंगाफळं म्हणजे लाल भोपळे चिरायची, भांडी घासायची. चौरंगाला तिने कधी हात लावला नव्हता. आता काकू विधवा झाली, आणि तेव्हाच्या रीतीप्रमाणे (रीतच ती, तिच्याविषयी मी काय बोलू) मान आमच्याकडे आला. भाऊबंदात सगळ्यात वडील असलेले आबा, म्हणजे नानांचे चुलते, स्वतः जळगावला आले, उंबरा चढून आत उतरले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "घर साफ ठेवा. यंदा कानबाई माय आठे येई."

त्या महिनाभर माय जशी वागली तशी मी तिला आधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही. ती चक्क हळू बोलू लागली. भिंतींना चुना दिला. पितळेची सगळी भांडी काढून चिंचेने घासली. रोटाचे गहू धुऊन वाळवले आणि ते दळायला गिरणीवाल्याला आधी जातं धुवायला लावलं. कानबाईची गाणी तिला सगळी येत होती, पण गावी ती मागच्या रांगेतून म्हणायची. आता पीठ चाळता चाळता पहिली ओळ स्वतः धरायची, थांबायची, मला म्हणायची, बरा लागस का आवाज? मी अभ्यासात तोंड खुपसून हो म्हणायचे. तिचं वय तेव्हा चाळीसही नव्हतं, हे मला आता कळतं.

शनिवारी पाऊस लागला आणि खड्डा काठोकाठ भरला. माय नानांना म्हणाली, मोठ्या रस्त्याचं पाणी अप्पांच्या कोपऱ्यावरून आपल्या गटारात येतं, तिथे मुरमाची चार पोती टाकली तर ते मोकळ्या जागेत वळेल. सोमवार दुपारपर्यंतच. विचारून या. नाना टोपी घालून गेले, मीही बरोबर गेले. अप्पांनी आम्हाला बसवलं, चहा दिला. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नाना, तुमच्यासारखा मोठ्या मनाचा माणूस या गल्लीत दुसरा नाही. मंदिराच्या ओट्याला आत्ताच लादी बसवलीय, पाणी गेलं तर खालची भर खचेल. दीड दिवसाचा तर प्रश्न आहे, घ्या सांभाळून." नाना हसले. हो, हसले. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, तुम्ही काही बोलला का नाहीत? ते म्हणाले, माणूस पाणी घ्यायला तयार नसेल तर त्याच्या शेतात ते जबरदस्तीने कसं सोडायचं? मला त्या क्षणी त्यांचा जो राग आला तो अजून गेलेला नाही. माणसं गेली, राग राहिला.

रविवारी दुपारी कानबाई बसली. गावाहून टेम्पो भरून भाऊबंद आले होते. आमच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. माय नवी हिरवी नऊवारी नेसली होती, तिने चौरंग मांडला, नारळाला नथ घातली, आणि पहिल्या गाण्याची पहिली ओळ तिनेच धरली. बायकांनी मागून ओढून घेतली. काकू कोपऱ्यात बसली होती, तीही म्हणत होती. आतून पुरणाचा आणि गंगाफळाच्या भाजीचा वास येत होता. तेवढ्यात पावसाने जोर धरला, आणि उंबऱ्याच्या विटांमधून काळ्या पाण्याची एक धार आत आली, चौरंगापुढच्या रांगोळीपर्यंत. गाणं थांबलं नाही. माय गातगातच उठली, दारात आली आणि खालच्या आवाजात नानांना म्हणाली, "आयकतस का. आते तरी बांध घाला."

नानांनी कोपऱ्यातलं फावडं घेतलं. आमच्या घराच्या अलीकडे, शकूमावशीच्या आणि आमच्या हद्दीवर, त्यांनी अप्पांच्या कोपऱ्यासाठी आणून ठेवलेली मुरमाची पोती गटारात टाकली, वरून माती लोटली, पायाने चोपली. शेतातला माणूस, बांध पक्का बसला. आत येणारी धार थांबली. मायने फडक्याने फरशी पुसली, रांगोळी पुन्हा काढली आणि गाणं जिथे होतं तिथून पुढे सुरू केलं. आयुष्यात पहिल्यांदा नानांनी कुणाचं तरी पाणी अडवलं होतं. ते पावसात तसेच फावडं घेऊन बांधाजवळ उभे राहिले, आत आले नाहीत.

थोड्याच वेळात शकूमावशी आली. तिची सून पंधरवड्यापूर्वीच बाळंत झाली होती. मावशी भांडायला आली नव्हती, ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून एवढंच म्हणाली, "नाना, घरमा बायतीन शे. खाटखाले पानी उनं." नानांनी मान वर करून आमच्या दाराकडे पाहिलं. माय दारात होती, हातात आरतीचं ताट. मागे बायका गात होत्या. नाना फावडं उचलेनात. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. माझ्या आईचा तो मान होता, तिने जन्मभर मागच्या रांगेत बसून वाट पाहिलेला, आणि तो मोडायचा की ठेवायचा हे तिच्याच तोंडून यावं म्हणून गल्लीतली सगळ्यात मोठ्या मनाची असामी गप्प उभी होती. मायने एकदा मागे चौरंगाकडे पाहिलं. मग म्हणाली, "काढा. बायतीन शे तठे." आणि आत वळली.

पोती काढल्यावर तुंबलेलं सगळं एकदम आलं. विटा पडल्या. पाणी बैठकीत, स्वयंपाकघरात, खाली ठेवलेल्या रोटाच्या पिठाच्या डब्यात. चौरंगाचे पाय बुडाले. गाणं कुणी बंद केलं नाही, ते आपोआप एकेका आवाजाने कमी होत गेलं. आबांनी चपला काढल्या, पाण्यातून चौरंगापर्यंत गेले, हात जोडले आणि म्हणाले, "गटारना पानीमा माय ठेवता येस नही. उचला." रविवारीच. कुणीतरी म्हणालं, पुढल्या साली गावलेच मांडू. तेव्हा ठरलं ते ठरलंच. कानबाई पुन्हा आमच्या घरी आली नाही. ती गावी चुलत भावाकडे बसू लागली, आणि माय दर श्रावणात तिथे जाऊन गहू निवडू लागली, मागच्या रांगेत बसू लागली. आमच्या घरी बिनसलं म्हणून देवी उठली, हे भाऊबंदांत लग्नकार्यात माझ्यादेखतही बोललं जायचं. नाना निवृत्त झाले, आजारी पडले, गेले. पडीक जागेचा मालक गेला, त्याची मुलं आली, त्यांनी तिथे इमारत बांधली. गटार अजून जोडलेलं नाही. गेल्या वर्षी गल्लीत कॅमेरे लागले, आता मोबाइलवर तक्रार करायची सोय आहे. मी केली. उत्तर आलं, तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

पण त्या दिवशी कानबाई निघाली ते सांगायचं राहिलं. मान ज्या घरचा त्या घरच्या सुनेने तिला डोक्यावर न्यायचं. पाऊस उघडल्यावर मायने कानबाईचा पाट डोक्यावर घेतला आणि पडलेल्या विटांवरून वर रस्त्यावर आली. नवी नऊवारी पोटऱ्यांपर्यंत काळी झाली होती, पाय चिखलाने भरले होते. रस्ता मात्र धुऊन लख्ख झाला होता, उंच आणि कोरडा व्हायला आलेला. देवी डोक्यावर घेऊन बाई दारावरून जाते तेव्हा घराघरातल्या बायका तिच्या पायांवर पाणी घालतात, अशी रीत आहे. आमच्या गल्लीने रीत पाळली. पहिली शकूमावशीच आली, डोळे पुसत, तांब्या घेऊन. मग पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. अप्पांच्या घरून तर त्यांच्या सुनेने परातीत पाय घेऊन धुतले आणि कुंकू लावलं. माय प्रत्येक दारी थांबली, एकदाही पाय मागे घेतला नाही. मी मागून चालत होते. प्रत्येक दारी तिच्या पायांवरून ओघळलेलं ते पाणी रस्त्यावरून गटारात उतरत होतं आणि आम्ही नुकत्याच सोडलेल्या घराकडे निघालं होतं.